बारशाआधीचं नाव

आयुष्यात मी एकाच माणसाला मारलंय, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कपडे वाळत घालायच्या बांबूने मारलं. सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हे बांबू खोचायची सोय असते, त्यातला एक कोपऱ्यात उभा होता, हाताला तोच लागला. एक फटका पाठीत बसला, एक खांद्यावर. पुढचा त्याने धरला, नाहीतर डोक्यातच बसत होता. पोलिसांनी नंतर विचारलं, "मॅडम, किती जोरात मारलं तुम्ही?" मी म्हटलं, "होता नव्हता तेवढा जोर लावला." माझा नवरा शेजारी उभा होता, त्याने कपाळाला हात लावला.

तापट आहे मी. लहानपणापासून तशीच. आमच्या आईच्या भाषेत, माझ्या नाकावर राग आणि धाकटीच्या ओठांवर कुलूप. धाकटी कधी आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही. आणि नेमकी तीच असल्या माणसाच्या हाती पडली.

तो जहाजावर इंजिनिअर. पाच-सहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. जहाजावर म्हणे त्याच्यासारखा माणूस नाही. घरी आला की पहिले चार दिवस चॉकलेटं, परफ्यूम, हसणं-खिदळणं, आणि मग भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर. तो घरी असला की धाकटीच्या अंगावर काहीतरी निळं-हिरवं असायचंच. एकदा मनगट प्लास्टरमध्ये होतं. "बाथरूममध्ये घसरले, ताई." मी म्हटलं, "तुझं बाथरूम बघायला येते एकदा, कसली फरशी आहे ती." ये निघून, आत्ताच्या आत्ता ये, असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल! मी पासिर रिसला, ती चोआ चू कांगला, म्हणजे बेटाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायचं तर अख्खं सिंगापूर ओलांडायचं. पण ती काही येत नव्हती, आणि का येत नव्हती ते मला ठाऊक होतं.

तिला मुलगी झाली होती. इथल्याच हॉस्पिटलमध्ये, तो समुद्रावर असताना. अशक्त होती लेक, काचेच्या पेटीत होती. बारावा दिवस उजाडलाच नाही. आमच्याकडून आणि त्याच्या घरून फोन आले, सगळ्यांचं एकच. बारसं झालेलं नाही, म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे दिवस नाहीत, पाणी नाही, काही नाही. पुरायचं आणि विसरायचं. चोआ चू कांगच्या पलीकडे दफनभूमी आहे, तिथे हिंदूंसाठीही जागा आहे. माझा नवरा आणि मी घेऊन गेलो. धाकटीला कोणी येऊ दिलं नाही, ओली बाळंतीण म्हणून.

तो पुढे सुट्टीवर आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं, की मी हिचं नाव ठरवलं होतं, अमुक ठेवणार होते. त्याने तिच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. "मेलेल्या पोरीचं नाव काढतेस घरात, अवदसे!" त्यानंतर तिने ते नाव कधी काढलं नाही. पण दर आठवड्याला बस पकडून तिकडे जायची. तो फ्लॅट सोडून माझ्याजवळ यायला ती तयार नव्हती, ती ह्यासाठी.

तर त्या बसस्टॉपवर तिला त्या दोघी भेटल्या.

मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या त्या प्रचारक मुली. तुम्ही पाहिल्या असतील. पोटरीपर्यंत स्कर्ट, छातीवर काळी पट्टी, त्यावर "सिस्टर" आणि आडनाव. कायम जोडीने. एक क्षणही एकमेकींना सोडून जायचं नाही असा त्यांचा नियमच आहे. एक अमेरिकेची, लाल गालांची, दुसरी फिलिपिन्सची. विशीच्या आसपासच्या पोरी, शिक्षण मध्येच ठेवून दीड वर्ष परमुलखात देवाचं काम करायला आलेल्या. धाकटी रडत होती. त्या शेजारी येऊन बसल्या, धर्माचं काही बोलल्या नाहीत. मुलगी गेली एवढं कळल्यावर अमेरिकेची म्हणाली, "तिचं नाव काय?"

एवढंच विचारलं. आई-बाप, सासू-सासरे, भटजी, डॉक्टर, कोणी म्हणजे कोणी तोपर्यंत विचारलं नव्हतं. धाकटीने सांगितलं. त्या दोघींनी ते नाव म्हणून पाहिलं, वेडंवाकडं, इंग्रजी जिभेने, पण म्हटलं.

हे सगळं मला कसं कळलं तेही ऐका. संक्रांतीनंतर धाकटीच्या घरी हळदीकुंकू होतं. जहाजवाल्यांच्या बायका जमल्या होत्या. तिने सगळ्यांना आलं घालून चहा केला आणि स्वतः गरम पाण्याचा पेला घेऊन बसली. आता आमची धाकटी म्हणजे चहाबाज. ताप असो, उपास असो, चहा हवाच. एका कॅप्टनच्या बायकोने हसत विचारलं, "काय गं, चहा नकोसा झालाय? मग आम्ही काय समजायचं?" बाकीच्यांनी हसायला तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या. कारण नवरा तर सहा महिने समुद्रावर. कोणी तिळगुळाकडे बघायला लागलं, कोणी पर्स उघडली. मला दरदरून घाम फुटला. चहाचा वास सहन होत नाही म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं का?

बायका गेल्या तशी मी तिला स्वयंपाकघरात गाठली. दंड धरून भिंतीला टेकवली. "कोणाचं आहे?"

ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "ताई, देवाचं आहे." माझा हात उठलाच होता. मग तिने सांगितलं. त्या धर्मात चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही. बाप्तिस्मा घ्यायचाय म्हणून तिने आत्तापासूनच सोडलाय.

माझं डोकंच फिरलं. "धर्म बदलतेस? आई-बाबांना काय सांगू? आणि चहा? चहाने काय घोडं मारलंय त्यांचं?" मी खूप बोलले, सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "ते म्हणतात ताई, एवढी लहान लेकरं सरळ देवाकडे जातात. त्यांना बाप्तिस्माही लागत नाही. आणि नवरा-बायको त्यांच्या टेंपलमध्ये बांधले गेले, की लेकरूही त्यांना कायमचं बांधलं जातं. मेल्यावरही सुटत नाही. ती आहे, ताई. वाट बघतेय. तुम्ही सगळे म्हणता ती नव्हतीच." आणि तिने मला नाव सांगितलं. साधंच नाव होतं. मी फरशीवर बसले.

एक मेख होती. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय ते बाप्तिस्मा देत नाहीत. आणि टेंपलमध्ये बांधून घ्यायला तर नवराच सोबत लागतो. म्हणजे तिला लेक हवी तर तो हवा. ज्याने नावासाठी ओठ फाडला, तोच. "तो आला की मी स्वतः विचारणार," म्हणाली. "तू मध्ये बोलायचं नाहीस. शपथ घे." माझा हात ओढून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला, काय करणार?

पण गप्प बसेन तर मी कसली. त्या दोघींना गाठायला गेले. हॉकर सेंटरमध्ये, इथल्या स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांत, भात खात बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, "तुमच्या आयांना माहीत आहे का, तुम्ही इथे लोकांचे संसार मोडताय ते? तिच्या नवऱ्याला कळलं तर जीव घेईल तिचा!" अमेरिकेच्या पोरीच्या हातातला चमचा खाली आला. लाल गाल पांढरे पडले. "तो मारतो?" असा सरळ प्रश्न. आमच्यात तो कोणी विचारत नाही, आम्ही फरशीबद्दल बोलतो. मी हो म्हटलं. दुसरी म्हणाली, "मग तिने एकटीने विचारायला नको. तुम्ही जवळ असा. आणि त्यासाठी मार खावा असं देव म्हणत नाही." मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. 

ठरलं असं, की तो येईल त्या दिवशी मी दुपारीच जाऊन बसायचं. पण त्याचं विमान लवकर उतरलं, आणि हळदीकुंकवाची बातमी त्याच्याही आधी उतरलेली होती. कोणाच्या बायकोने नवऱ्याला सांगितलं असेल, त्या नवऱ्याने जहाजावर कोणाला. मी लिफ्टमधून बाहेर पडले तर कॉरिडॉरमध्येच आवाज ऐकू आला. त्याची सूटकेस उंबऱ्यात आडवी पडली होती म्हणून लोखंडी गेट लागलं नव्हतं. नाहीतर मी बाहेर गज हलवत बसले असते आणि ती आत मेली असती.

तिला त्याने केसांनी धरून फरशीवर पाडलं होतं आणि तो तिच्या पोटात लाथा घालत होता. फक्त पोटात. "कोणाचं? बोल! ज्याचं असेल त्याचं, आत्ता पाडतो!" ती दोन्ही हातांनी पोट धरून म्हणत होती, नाही, नाहीये, काही नाहीये. तिच्या नाकातून रक्त येऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्यात त्याच्या बुटांचे ठसे उमटले होते. बूटसुद्धा काढले नव्हते मेल्याने.

बांबूचं सांगितलंच. त्याने तो माझ्या हातातून हिसकावला आणि मला भिंतीवर ढकललं. माझ्या खांद्यातून कट्कन आवाज आला. तेव्हा मी शपथ मोडली. ओरडले, "अरे गाढवा, पोटात काही नाहीये तिच्या! चहा सोडलाय तिने. देवासाठी सोडलाय!"

तो थांबला. खरंच थांबला. बांबू खाली टाकला, खुर्चीत बसला आणि हसायला लागला. "देवासाठी? अगं मग सांगायचं ना बावळट!" फरशीवर रक्तात पडलेल्या बायकोला म्हणत होता हे. मग त्याने विचारलं, "कोणता देव?"

धाकटी कोपरावर उठली. तोंड पुसलं. आणि तशा अवस्थेत तिने त्याला विचारलं, जे विचारायचं ठरवलं होतं ते. धर्म कोणता ते सांगितलं, टेंपलचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. "तुमची परवानगी हवी," म्हणाली. मला वाटलं, ही बाई वेडी आहे.

त्याचं हसू गेलं. "बाटलीस?" तो म्हणाला. "एक वेळ दुसरा पुरुष असता तर त्याला तरी धरून ठोकला असता. हे काय आहे?" आणि टेबलावरचा काचेचा जग उचलून त्याने तिच्यावर फेकला. तो तिच्या कानाजवळून जाऊन फ्रिजवर फुटला. पुन्हा तिच्याकडे धावला तोवर शेजारचे म्हातारे चिनी अंकल गेटमध्ये उभे होते, बनियनवर, हातात फोन. "पोलीस कमिंग आलरेडी! यू टच हर सम मोर, यू सी!" त्यांच्यामागे मलाय बाई, तिच्यामागे तिची मुलं. त्या घराचा मालक होता तो, पण एवढ्या डोळ्यांसमोर हात उचलायचं धाडस त्याला नव्हतं.

धाकटीच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. माझा खांदा निखळला होता. कोर्टाचा हुकूम मिळाला, तिच्या अंगाला हात लावायचा नाही. ती माझ्याकडे आली. माझी लेक सोळा वर्षांची, मराठीत विचारलं तरी उत्तर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. "मावशी कॅन टेक माय रूम, ला," म्हणाली आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली.

मला वाटलं, सुटली. कुठली सुटतेय! ती बरी होत गेली तशी तळमळायला लागली. "ताई, त्याला सोडलं तर तिचं काय?" मी म्हणे, "अगं तुझ्या बरगड्या!" ती म्हणे, "बरगड्या सांधतात." त्या दोघी पोरी यायच्या, तिच्या केसांना तेल लावून द्यायच्या, माझे तिखट पोहे डोळ्यांतून पाणी काढत खायच्या. त्यांनीही स्पष्ट सांगितलं, परत जायलाच हवं असं काही नाही, देव त्याचं तो बघेल. पण धाकटीला देवावर काही सोडायचं नव्हतं. तिला खात्री हवी होती. रोज मी घरी येताना मला हीच धास्ती, की तिच्या चपला दारात असतील की नाही.

आणि तेवढ्यात त्याचा माझ्या नवऱ्याला फोन आला. मी बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे. तिला विचारा, हेच हवं होतं ना?

मी म्हटलं, दारात पाऊल ठेवलं तर तंगडं तोडीन. धाकटी म्हणाली, "येऊ दे." तिचा चेहरा असा उजळला होता, की मला तिच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

रविवारी दुपारी आला. पांढरा शर्ट, टाय, गुळगुळीत दाढी, काखेत त्यांचा धर्मग्रंथ. माझा नवरा त्याच्या आणि धाकटीच्या मध्ये खुर्ची टाकून बसला. मी सवयीने चहा आणला. तो हात जोडून म्हणाला, "नको ताई. सोडला मी."  हा पाजी सगळी तयारी करून आला होता.

गोड बोलला. रडलासुद्धा थोडा. चर्चमध्ये जाऊन बसतोय म्हणाला, शिकतोय म्हणाला. "तूही घे बाप्तिस्मा, माझी परवानगी आहे. मग वर्षभराने टेंपलमध्ये जाऊ. आपण तिघं, कायमचे. फक्त ती पोलीस तक्रार मागे घे. कंपनीत कळलं तर पुढचं जहाज मिळणार नाही मला."

 धाकटीला हवं होतं ते सगळं त्याने टेबलावर मांडलं होतं. मला दिसत होतं, ती हो म्हणणार. आता म्हणणार.

तिने विचारलं, "तिघं म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? तू, मी आणि आपली पोरगी."

"तिथे भेटली तर तिला काय हाक माराल?"

 त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर न येणारा पोरगा शेजारच्याकडे बघतो तसं बघत राहिला. "ताई...?" मला ते नाव माहीत होतं. ते माझ्या दातांपर्यंत आलं होतं. जन्मात कधी तोंड आवरलं नाही मी, पण त्या दिवशी दातांखाली जीभ धरली आणि दाबली, दाबत राहिले.

"अगं, बारसं कुठे झालं होतं तिचं!" तो ओरडला आणि टेबलावर मूठ आदळली. कप उडाला, चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. माझा नवरा उठून उभा राहिला. धाकटी मात्र जागची हलली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत तिने.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझा ओठ फाडलात. मारलेलं तरी आठवतंय का? तुम्हाला माफ केलंय मी. रोज करते, रोज करावं लागतं. पण माझी लेक मी तुमच्या हवाली करणार नाही. इथेही नाही आणि तिथेही नाही."

तो उठला, तिला आणि मला शिव्या घातल्या, तो ग्रंथ भिंतीवर भिरकावला, आणि जाताना गेटला अशी लाथ मारली की ते आजही नीट लागत नाही. माझ्या नवऱ्याने ते हाताने ओढून घेतलं आणि कडी घातली.

धाकटीने ग्रंथ उचलला, त्याची दुमडलेली पानं सरळ केली. मग माझ्याकडे वळली. "मला भीती त्याची नव्हती, ताई. तुझी होती. वाटलं, तू सांगून टाकशील."

मी जीभ बाहेर काढून दाखवली. रक्त आलं होतं.

"आई गं," ती म्हणाली, आणि पळत जाऊन फ्रिजमधून बर्फ घेऊन आली. मला खुर्चीत बसवलं, माझ्या हनुवटीखाली रुमाल धरला.  बर्फ विरघळल्यावर म्हणाली, "आता घे तिचं नाव."

मी घेतलं. सुजलेल्या जिभेने, त्या पोरींसारखंच वेडंवाकडं, पण शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने घेतलं.